मधलं दार

बाबा,

घर पाडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला शेवट आधी कळलेला बरा वाटायचा. पुण्यातल्या त्या वाचनालयात तुम्ही काउंटरशी उभे राहून कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायचात, आणि तिथले चष्मेवाले गृहस्थ मान वर न करता म्हणायचे, "अहो, शेवट वाचून झाला असेल तर पुस्तक घरी न्यायची तसदी कशाला घेता?" तुम्ही ओशाळं हसून पुस्तक पिशवीत टाकायचात. शेवट वाईट निघाला तर मात्र गुपचूप फळीवर परत ठेवायचात. एकदा सायकलच्या दांडीवर मला बसवून घरी येताना तुम्ही सांगितलं होतं, की शेवटी सगळं नीट होणार आहे हे ठाऊक असलं की मधलं भ्यायला मजा येते. कंपनीत दिवसभर लेथवर उभा राहणारा माणूस, भरघोस मिशांचा, खर्जातल्या आवाजाचा, आणि वाचायचा काय, तर वारशानं मिळालेली घरं, कुलूपबंद खोल्या, जिन्यावरची पावलं, आणि अधूनमधून नायिकेचा हात हातात घेणारा कुणी अनोळखी पुरुष. आई म्हणायची, "बायकांची पुस्तकं वाचत बसता." तुम्ही म्हणायचात, "मग तू वाच, मी भाकरी टाकतो." आणि तुम्ही खरंच टाकायचात, वर त्या तिच्यापेक्षा बऱ्या व्हायच्या.

तर घर उभं आहे. मी आत्ता त्याच्याच स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टूल ओढून बसले आहे. नव्या गिलाव्याचा ओला वास येतो आहे, बाहेर हडपसरची संध्याकाळ आहे, म्हणजे रिक्षावाले आणि दुचाकीवाले एकमेकांना हॉर्ननं शिव्या देत आहेत. तुम्ही या माळावर राहायला आलात तेव्हा म्हणे इथून कंपनीचा भोंगा स्वच्छ ऐकू यायचा. आता हातातला फोन वाजला तरी कळत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं कधीच उलटली, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही. मनात एक अढी होती. ती गेल्या आठवड्यात गेली, म्हणून लिहिते आहे.

अढी मधल्या दाराची. तुम्ही आणि काका एकाच तालुक्यातले. एकाच गाडीनं पुण्याला आलात, एकाच कंपनीत लागलात आणि दोघांत मिळून एकच प्लॉट घेतलात. त्यावर एक घर बांधलंत, मधोमध भिंत घालून त्याची दोन केलीत, आणि स्वयंपाकघरापाशी त्या भिंतीत एक दार ठेवलंत. हिरव्या रंगाचं. त्याला कुठल्याच बाजूनं कडी लावायची नाही असं तुमचं ठरलं होतं. रविवारी सकाळी आमच्या खोलीत बुद्धवंदना सुरू झाली की पलीकडून काकूंचा आवाज तीत मिसळायचा. वैशाखी पौर्णिमेची खीर एकाच पातेल्यात शिजायची, आमच्या शेगडीवर, कारण काकूंचं म्हणणं असं की आईच्या हाताला गोडाचा अंदाज आहे. आई याला टोमणा समजायची की कौतुक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आणि काकांचा मुलगा, तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्या दारातून दिवसातून इतक्यांदा ये-जा करायचो की उंबरा मधोमध झिजला होता.

बांधकाम तुम्ही मला तिथंच शिकवलंत. घर बांधून झालं तेव्हा मी फार लहान होते, पण मागच्या मोरीची भिंत तुम्ही दोघांनी घातलीत ती मला लख्ख आठवते. मी विटा भिजवून देते आहे. काका ओळंबा धरून एक डोळा मिटून उभे आहेत. मी मदत म्हणून दोन्ही हात सिमेंटच्या मालात कोपरापर्यंत घालते, आणि तुम्ही ओरडता, "हात काढ आधी!" जन्मात एकदाच तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात, तो हा. मग मोरीत नेऊन हात धुतलेत, खोबरेल चोळलंत, आणि चोळता चोळता समजावलंत. सिमेंट हाताला खातं. सिमेंटात घातलेली वीट पुन्हा मिळत नाही, फोडावीच लागते. मातीत घातलेली सगळीच्या सगळी हातात येते. आणि भिंत कोणी बांधली हे भिंतच सांगते. ज्या बाजूला माणूस उभा असतो त्या बाजूचे सांधे तो थापीनं पुसून घेतो, ते गुळगुळीत राहतात. पलीकडे त्याचा हात पोचत नाही, तिकडे माल ओघळून तसाच वाळतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही कंपनीतल्या पत्र्याच्या तुकड्यातून माझ्या हाताच्या मापाची थापी करून आणलीत. ती अजून आहे. नारायण पेठेत माझी दातांची लॅब आहे, तिथं मी लोकांच्या कवळ्या करते, आणि साच्याचं प्लास्टर गेली पंचवीस वर्षं त्याच थापीनं कालवते.

त्या दारात तुम्ही वाचून दाखवायचात. पहिल्या पाळीचा आठवडा असला की जेवणं उरकल्यावर तुम्ही उंबऱ्यावर बसायचात, पाठ चौकटीला टेकवून. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला ते. आई आणि काकू डाळ-तांदूळ निवडत आपण ऐकतच नाही असं दाखवायच्या, आणि प्रकरण संपलं की दोघी एकदम म्हणायच्या, "मग?" शेवटची कादंबरी समुद्रकाठच्या घराची होती. एका बाईला मामाकडून पडकं घर मिळतं. ती ते दुरुस्त करायला घेते. एक खोली कुणी उघडू देत नाही. एक लंगडत चालणारा माणूस दर संध्याकाळी फाटकाशी उभा राहतो, आणि तो तिला वाचवायला आला आहे की घालवायला, हे काही केल्या कळत नाही. काकांचा मुलगा ठामपणे म्हणायचा की तो चांगलाच आहे. मी म्हणायचे, चांगली माणसं फाटकाशी कशाला उभी राहतील, आत येतील की. ती बाई त्या बंद खोलीच्या दाराला किल्ली लावते इथं तुम्ही खूण घातलीत. दुसऱ्या दिवशी मला गुलटेकडीला मार्केट यार्डापाशी मावशीकडे पाठवलं. काकू मुलाला घेऊन गावी गेल्या होत्या.

मी परत आले तेव्हा दार नव्हतं. दाराच्या जागी ओला गिलावा होता. तुम्ही कंपनीत गेला होतात, आई पोळ्या लाटत होती, आणि भिंतीच्या पलीकडून थापीचा आवाज येत होता, विटेवर लोखंड घासल्याचा. मी विचारलं, "हे काय?" आई म्हणाली, "लहान आहेस." एवढंच. मी जे ऐकलं त्यावरून ठरवून टाकलं, की काका भिंत बांधताहेत, त्यांना आपण नको झालोत. पुढं कधीतरी आईच्या तोंडूनही तेच आलं, "त्यांना नको झालो आपण." त्या वर्षीची खीर पातेलीवर ताट झाकून रस्त्यानं त्यांच्याकडे गेली, पाहुण्यांकडे जावी तशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी ती पातेली हातात धरून घातला आहे. तुम्ही वाचणं बंद केलंत. पुस्तक वाचनालयात परत गेलं. पुढं कंपनीतलं काकांचं खातं बंद पडलं, ते कुटुंब घेऊन गावाकडे गेले, त्यांच्या अर्ध्या घरात भाडेकरू आले नि गेले, आणि काका तिकडेच वारले. ते गेल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. मी कॉलेजात होते. मला त्याचा राग आला होता. ज्यांनी आपल्याला तोडलं त्यांच्यासाठी उपास कसला करायचा, असं वाटलं होतं.

आता अलीकडचं. माझं लग्न झालं आणि मोडलं, ते तुमच्या हयातीतलं, तुम्हाला माहीत आहे. आई शेवटची काही वर्षं माझ्याजवळ नारायण पेठेत राहिली, तेव्हापासून हे घर कुलपात होतं. गेल्या वर्षी ती गेली आणि घर माझ्या नावावर झालं. उघडलं तर आत घुशी, मोरीतून आत शिरलेली पिंपळाची मुळी, आणि मधली भिंत पार ओली, गिलाव्याला फोड आलेले. मी रविवारी रविवारी येऊन दुरुस्ती करायला लागले, तुमच्यासारखी. तेवढ्यात एका बिल्डरचा माणूस आला. पोरसवदा, टाय लावलेला. म्हणाला, "मॅडम, स्लॅब कॉमन आहे, वॉल कॉमन आहे. एका पार्टीनं दिलं आणि दुसरीनं नाही दिलं तर तुमचा हाफ सेफ राहणार नाही." बोलता बोलता त्यानं मधल्या भिंतीवर बोटं वाजवली. आवाज पोकळ आला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "इथं आत काहीतरी आहे, मॅडम." मी म्हटलं, "असेल. तुमच्या आधी आलेला बिल्डर." तो गेला, पण तो पोकळ आवाज माझ्या डोक्यातून जाईना. पंधरा दिवसांनी त्यानं फोन करून कळवलं, की पलीकडच्या मालकांनी तयारी दाखवली आहे, सही करायला ते स्वतः येत आहेत. आता घर राहणार की जाणार हे पलीकडच्या एका सहीवर आलं होतं.

तो आला. काकांचा मुलगा. मी फाटकाशी फुटक्या गिलाव्याच्या रॅबिटची घमेली रिकामी करत होते, आणि रस्त्यापलीकडे एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस उभा राहून घराकडे बघत होता, आत येत नव्हता. मी विचारलं, "कोण पाहिजे?" तो म्हणाला, "पाहिजे असं काही नाही. घर पाहून राहिलो." ते 'पाहून राहिलो' ऐकलं आणि मी घमेलं खाली ठेवलं, बाबा. तुम्ही पुण्यात उभं आयुष्य काढलंत तरी गावाकडची ती बोली, 'का'च्या जागचं 'काऊन', तुमच्या तोंडातून गेली नव्हती, आणि तुमच्यानंतर ती मी ऐकलीच नव्हती. मी ओळख सांगितली. तो जरा घुटमळला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "त्या समुद्राच्या कादंबरीचं पुढे काय झालं हो? त्या बाईनं घर ठेवलं का?" चाळीस वर्षांनी भेटलेला माणूस. मी पुण्याची झालेली, म्हटलं, "वाचनालय अजून उघडं असतं. नऊ ते बारा." तो हसला. हसताना काकांसारखाच एक डोळा बारीक होतो.

सरकारी खात्यात तो नकाशे काढायचा, नुकतीच मुदतीआधी निवृत्ती घेतलीय. बायको पाच वर्षांमागं गेली, मुलगी नोकरीला बंगळुरात. काकू गेल्या पावसाळ्यात गेल्या, तेव्हापासून त्याला हे पुण्याचं अर्धं घर एकदाचं निकालात काढायचं होतं. सही सोमवारी ठरली होती, हातात दहा-बारा दिवस होते, तोवर तो त्याच्या बाजूला एक खाट टाकून राहिला. मी लॅबमधून रजा घेतली. कारण दुरुस्तीचं सांगितलं, आणि ते निम्मं खरं होतं. तो पाडायच्या घराच्या खिडक्यांना तेल द्यायला लागला. मी विचारलं, "पाडायचंय ना? मग हे काऊन?" माझ्या तोंडून 'काऊन' गेलं आणि दोघंही थबकलो. तो म्हणाला, "करकर करून राहिली होती, म्हणून." तो सकाळी चहा करायचा आणि कप घेऊन रस्त्यानं माझ्या दाराशी यायचा, चहा तोवर कोमट झालेला असायचा. कोमट चहा मला कधीच आवडला नाही. त्या दिवसांत मी तो न बोलता पीत होते, यावरून तुम्ही काय समजायचं ते समजा.

पण भिंतीवरून एकदा आम्ही भांडलोच. मी म्हणाले, "तुमच्या बाबांनी बांधली, मी स्वतः थापी ऐकलीय." तो म्हणाला, "नाही न. आई मरेपर्यंत म्हणत होती, त्या लोकांनी दार बंद केलं आपल्याला. तिनं दुसरं काही मनात ठेवलं नाही, हे ठेवलं. तिच्यासाठीच विकून राहिलो मी हे." मग म्हणाला, "तुमच्यावर माझा राग नाही. पण ज्या घरानं माझ्या आईला बाहेर काढलं ते कशाला जपू?" तेव्हा मला समजलं की सोमवारची सही पैशासाठी नाही, तुमच्यामुळं आहे, बाबा. तुम्ही तसे होतात की नव्हतात, यावर माझं घर ठरणार होतं. आणि घरापेक्षाही जास्त काही ठरणार होतं, ते मी तेव्हा मोठ्यानं म्हणाले नाही. मी म्हणाले, "भिंतीलाच विचारू." आणि त्याला मोरीच्या भिंतीपाशी तुम्ही शिकवलेलं सांगितलं. माझ्या बाजूचे सांधे गुळगुळीत निघाले तर माझ्या बाबांनी बांधली. ओघळलेले निघाले तर तुमच्या.

शनिवारी दुपारी मी तुमची थापी घेऊन माझ्या बाजूचा ओला गिलावा खरवडला. तो बाजूला उभा होता, हाताची घडी घालून. पहिली वीट दिसली, दुसरी दिसली, मग त्यांच्यामधला सांधा. गुळगुळीत. बोटानं पुसल्यासारखा. खाली बघितलं, वर बघितलं, सगळे तसेच. तुमचा हात मी कुठंही ओळखला असता. मला वाटलं होतं की मी तयार आहे, पण नव्हते. तो काही लागट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "म्हणजे आई बरोबर होती." आणि रस्त्यानं त्याच्या बाजूला निघून गेला. मी तिथंच फरशीवर बसून राहिले आणि तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या सकाळी चहा आला नाही.

रविवारी सकाळी मी कुलूप लावून पेठेत परत जायला निघाले होते. एक चप्पल घातली आणि भिंतीपलीकडून आवाज आला. विटेवर लोखंड घासल्याचा. नऊ वर्षांची असताना ऐकलेला तोच आवाज. मी एका पायात चप्पल अशी उभी राहिले. मग फोन वाजला. "जरा इकडे येता का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजाला धाप लागली होती. मी गेले. त्यानं त्याच्या बाजूचा गिलावा हातभर खरवडला होता, स्वयंपाकघरातल्या सुरीनं. तो नुसता बोट दाखवून म्हणाला, "हे पाहा न."

सांधे गुळगुळीत होते. एका भिंतीला दोन्ही बाजू गुळगुळीत असत नाहीत, बाबा, तुम्हीच सांगितलं होतं. मी सांध्यात थापी घातली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. माती. सिमेंटचा कण नाही. काल मी इतकी खचले होते की हे मला दिसलंच नव्हतं. वीट हलवली तर ती सगळीच्या सगळी हातात आली, आणि तिच्यामागं दुसरी वीट नव्हती. हिरवं लाकूड होतं. दार जागच्या जागी होतं, चौकटीत, नुसतं लोटलेलं. तुम्ही तुमच्या बाजूनं एक पातळ भिंत घातली होतीत आणि काकांनी त्यांच्या बाजूनं एक. पोकळ वाजायचं ते ह्यामुळं. आम्ही दोघं समोरासमोर उभे. त्याच्या हातात सुरी, माझ्या हातात वीट. कुणी त्या वेळी आत आलं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं.

का, ते समोरच्या वहिनींनी सांगितलं. ऐंशी पार केलीय त्यांनी, पण ओट्यावर बसून सगळी गल्ली अजून त्याच चालवतात. आम्ही दोघं मातीनं भरलेले जाऊन उभे राहिलो तर म्हणाल्या, "भांडान? कुटलं भांडान? आगं, घरपट्टीवाला येनार व्हता मोजायला. मधी दार दिसलं तर येकच घर धरनार, येकाच्याच नावावर. दुसरा राह्यला भाडेकरू. म्हनून दोगांनी मिळून दार बुजवलं. तो गेला की काढायचं व्हतं." मी विचारलं, "मग काढलं का नाही?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुजा बाप म्हनायचा, वहिनी, त्यांना आता बंदच बरं वाटत आसंल, आपन कसं तोंड उघडायचं. आन् ह्येचा बाप यायचा, त्यो बी तेच म्हनायचा. त्यांनी आदी काढली की मी लगीच काढतो." "मग तुम्ही सांगायचं ना एकमेकांना!" तो जवळजवळ ओरडलाच. वहिनी त्याच्याकडे शांतपणे बघत म्हणाल्या, "मी कशाला मधी पडू, बाबा? दोन घरांच्या मधी?"

मी हसायला लागले. मला आवरेना, आणि हसता हसता रडूही यायला लागलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण तुम्ही दोघांनी त्या भिडेपायी सोन्यासारखा शेजार घालवलात! उद्या काढू, त्यांनी आधी काढू दे. दोन बायका घरात कुढत बसल्या, दोन पोरं चाळीस वर्षं खोटं धरून बसली, आणि मधे काय, तर हातानं निघणाऱ्या विटा. राग येतो अजून. पण सुटका त्याहून मोठी आहे. तुम्ही कुणाला दाराबाहेर काढलं नव्हतं. ज्या विटा घातल्यात त्यासुद्धा परत काढता याव्यात म्हणून मातीत घातल्यात. काका गेल्याच्या दिवशी तुम्ही भिंतीकडे तोंड करून का बसला होतात, तेही मला उशिरा का होईना कळलं. मी तेव्हा तुमच्याजवळ येऊन बसले असते तर बरं झालं असतं, पण मला ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

विटा आम्ही त्याच दिवशी काढल्या. एकही फुटली नाही. बिजागऱ्यांना त्यानं तेल दिलं, खिडक्यांचं उरलेलं, आणि दार लोटलं तर ते नीट उघडलं, फक्त खाली थोडं घासतं. उंबरा मधोमध झिजलेला आहे तसाच आहे. आम्ही दोघं त्याच्या दोन अंगांना उभे राहिलो. तो दाराच्या कडेवरची माती नखानं काढत होता. मी थापी पुसत होते. आणि मला एकदम भीती वाटली, बाबा, खरीखुरी भीती, की आम्ही तुमचीच पोरं आहोत. तो म्हणणार, त्यांना एकटंच बरं वाटत असेल. मी म्हणणार, त्यांनी आधी बोलू दे. उद्या बिल्डरचा माणूस येणार. म्हणून मीच बोलले. गोड काही मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "चहा रस्त्यानं आणलात की गार होतो. तुम्ही इथंच राहा." त्यानं बोटांची माती झटकली. मग म्हणाला, "मी दहा दिवसांपासून हेच सांगायचं म्हणून राहिलो होतो." मी म्हटलं, "मग सांगायचं की!" तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही आधी म्हणाल."

सोमवारी बिल्डरचा माणूस फाइल घेऊन आला. त्याला आम्ही मधल्या दारातून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवून आणलं, आणि चहा पाजून परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "पण मॅडम, व्हॅल्यू?" मी म्हटलं, "ती तुम्ही बोटं वाजवलीत तिथंच निघाली." त्याला काही कळलं नाही. आता घराचं काम दोन्ही बाजूंनी चाललंय. दाराला कडी लावलेली नाही. आम्ही एकमेकांना अजून 'अहो' म्हणतो, सवय जाईल तेव्हा जाईल. पौर्णिमेला खीर करणार आहोत, एकाच पातेल्यात. गोडाचा अंदाज दोघांनाही नाही.

हे पत्र कुठं टाकायचं असतं ते मला ठाऊक नाही, आणि टाकायचंही नाही. लिहून झालं की ओट्याखालच्या खणात ठेवीन. पण एक गोष्ट कबूल करायची राहिली. काल संध्याकाळी आम्ही उंबऱ्यावर बसलो होतो, तो चौकटीला पाठ टेकवून, तुमच्यासारखा. त्यानं पुन्हा विचारलं, "आता तरी सांगा न. त्या बाईनं घर ठेवलं का? आणि तो फाटकाजवळचा माणूस?" इतके दिवस मी त्याला 'घराचं ठरलं की सांगते' म्हणून टोलवत आले होते. खरं म्हणजे मलाही माहीत नाही. तुम्ही खूण घातलीत तिथंच माझंही वाचन थांबलं, पुढं ते पुस्तक मला कधी मिळालं नाही. पण मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, की मी ते मोठेपणी वाचलं, तिनं घर ठेवलं, आणि तो माणूस आत आला. तो म्हणाला, "मी म्हणत होतो न तेव्हाच." मी खोटं बोलले, बाबा. पण शेवटचं पान तुम्ही वाचलं होतंत, आणि तरी ते पुस्तक तुम्ही घरी आणलं होतंत.